बोटाला उरलेलं काजळ

आमच्या शाळेत घंटा होण्याआधी पोरं तोंड वर करून रांगेत उभी राहायची. प्रार्थनेसाठी नव्हे. प्रार्थनेची रांग लावायला मला आजही घसा कोरडा करावा लागतो. ही दुसरी रांग आपोआप लागायची, स्वयंपाकखोलीच्या ओट्यापाशी, कारण तिथे कौशल्याबाई काजळाची डबी उघडून बसलेली असायची.

शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. नांदगाव खंडेश्वरहून आत वळलं की कपाशी आणि तुरीच्या मधून जाणारा रस्ता जिथे संपतो तिथे. मी अमरावतीला खोली घेऊन राहते आणि रोज स्कूटीने येते. मूळची अकोल्याची. इथे नेमणूक झाली तेव्हा वर्षभरात बदली करून घेते असं बाबांना सांगितलं होतं. ते अजून फोनवर सांगतेच आहे, आणि तेही अजून ऐकून घेतात.

कौशल्याबाई शाळेत खिचडी शिजवते. साठीच्या आसपासची, काटक, नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली. मी तिला तोंडावर अहो-जाहो करते, पण लिहिताना ते जमत नाही. मनात ती ‘ती’च आहे, त्याला इलाज नाही.

काजळ घरचं असायचं. एरंडेलाचा दिवा, त्यावर उपडं घातलेलं तांब्याचं ताट, ताटाला धरलेली काजळी खरवडून लोण्यात घोटलेली. एक पोर पुढे आलं की डाव्या हाताने त्याची हनुवटी धरायची, उजव्या करंगळीने खालची पापणी ओढायची आणि बोट फिरवायची. पोर डोळे गच्च मिटायचं. मग ही दटावायची, “उघड, उघड. मले पाहू दे.” पोर डोळे उघडायचं तेव्हा समोर हिचाच चेहरा असायचा. सगळ्यात शेवटच्या पोराचं झालं की बोटाला जे उरायचं ते ती त्याच्या कानामागे पुसायची, दृष्ट लागू नये म्हणून. त्यामुळे आमच्याकडे रांगेत पुढे घुसायला मारामारी नव्हती, मागे राहायला होती. प्रणाली नावाची दुसरीतली पोरगी तर सगळे संपेपर्यंत हातपंपाच्या आड लपून राहायची आणि शेवटी बाहेर यायची, म्हणजे कानामागचं काजळ हमखास तिलाच.

मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. आमच्या शाळेत तपासणीला आलेले साहेबही म्हणायचे, पोरं कशी टापटीप दिसतात.

कौशल्याबाईला मूल नाही. माहेर तिवस्याकडचं, लग्न होऊन या गावात आली, नवरा शेषराव. त्याच्यासोबत तिने जन्म काढला आणि त्या सगळ्या काळात गावातल्या एकाही बारशाचं बोलावणं तिला आलं नाही. गावात कुणी वाईट वागत होतं असं नाही. शेतात सगळ्या एकत्र तण निंदायच्या, एकमेकींच्या शिदोऱ्या खायच्या. पण कुणाच्या घरी तान्हं बाळ आलं की तिला पाहून पाळण्यावर पदर ओढला जायचा. तिने एकदा मला हे सांगितलं, ते तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता. “मी पाह्यलं तं लेकरू सुकते म्हनायच्या. मंग मी पाह्याचीच नाई. रस्त्यानं कोनाच्या कडेवर लेकरू दिसलं का मी दुसरीकडं पाहो.” मी चिडून म्हटलं, असल्या बायांशी तुम्ही बोलता कशा? ती म्हणाली, “गावात राह्याचं हाये न, म्याडम.”

शेषराव गेल्यावर बचत गटातून तिला खिचडीचं काम मिळालं. सुरुवातीला दोन-चार आयांनी नाकं मुरडली. पण पोरांना खिचडी आवडली, आणि पोरांपुढे आयांचं किती चालतं हे मला माहीत आहे. पहिल्या दिवशी एक पोर नाक ओढत तिच्याजवळ गेलं आणि तिने ते पदराने पुसलं. कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती काजळाची डबी घेऊन आली. वयाच्या पन्नाशीत या बाईला पहिल्यांदा पोरांना हात लावायला मिळाला होता, आणि तो लावताना ती इकडेतिकडे कुणाकडे पाहत नव्हती.

मग तो पावसाळा आला ज्यात सगळीकडे डोळे आले. दोनेक वर्षं झाली त्याला. झड लागली होती, वर्गातल्या सतरंज्या ओल्या, आणि एका सकाळी प्रणाली चिकटलेल्या पापण्या घेऊन शाळेत आली. मी तिला घरी पाठवलं, पण उशीर झाला होता, कारण रांग होऊन गेली होती, आणि डोळे खुपतात म्हणून त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी उभी राहिली होती. आठवडाभरात निम्मी शाळा घरी बसली. उरलेली पोरं गॉगल घालून यायची. बाजारातून आणलेले, मोठ्या माणसांचे, नाकावरून घसरणारे. गावात पक्की समजूत की डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलं की आपले येतात. म्हणून पोरं एकमेकांना पाठ करून बसायची, आणि पाठ करून बसल्या बसल्या एकाच रुमालाने दोघं डोळे पुसायची. मी ओरडून ओरडून थकले.

कौशल्याबाईला तर काही सुचेना. तिला वाटायचं, डोळ्यांत उष्णता आहे, काजळाने थंडावा येतो. जी पोरं येत होती त्यांच्या डोळ्यांत ती आता सकाळी एकदा आणि खिचडीनंतर पुन्हा एकदा काजळ घालू लागली. लाल डोळ्यांना आधी, कारण त्यांना गरज जास्त. त्यांच्यानंतर चांगल्या डोळ्यांना, त्याच करंगळीने.

आरोग्य पथक आलं त्यात ईशान नावाचा तरुण डॉक्टर होता, अकोल्याचाच. गावातल्या आयांनाही आम्ही बोलावून घेतलं होतं. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष महादेवराव खुर्चीवर, बाकी सगळे सतरंजीवर. महादेवराव म्हणजे प्रणालीचे आजोबा. डॉक्टरने एकेका पोराचे डोळे पाहिले, कडेला धरलेलं काळं पाहिलं, आणि विचारलं, “काजळ घरून घालून येता का?” पोरं एका सुरात म्हणाली, “नाई, आजी लावते.”

मग त्याने नीट समजावून सांगितलं. पाहिल्याने काही होत नाही. लाल डोळ्यातलं पाणी बोटाला लागतं, बोट दुसऱ्या डोळ्याला लागतं, तसं ते पसरतं. रुमाल, पंचा, उशी, गॉगल, काहीही दुसऱ्याचं वापरायचं नाही. डोळा चोळायचा नाही, हात साबणाने धुवायचे, बरं वाटेपर्यंत घरी थांबायचं. “आणि काजळ पूर्ण बंद. एकच बोट सगळ्यांच्या डोळ्यांत जातंय.” तो चुकीचं काही बोलला नाही, हे मी आजही म्हणते. आवाजही त्याने चढवला नाही.

कौशल्याबाई दारात उभी राहून ऐकत होती. पुढे आली आणि म्हणाली, “डाक्टरसाहेब, मंग हे माह्या हातानं झालं काय?”

“तुमच्याच हाताने असं नाही हो, आजी,” तो म्हणाला. “कुणाच्याही बोटाने झालं असतं. माझ्याही.”

पण सतरंजीवर बसलेल्या बायांनी यातलं अर्धंच ऐकलं. प्रणालीची आई भावना उठून उभी राहिली. तिच्याही डोळ्यांवर गॉगल होता. “मी आधीच म्हनत होती,” ती म्हणाली. “जिले देवानं लेकरू नाई देलं, तिचा हात आमच्या लेकराच्या डोयात कायले पायजे?”

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. महादेवराव मधे पडले म्हणून निभावलं. डॉक्टर बिचारा पुन्हा पुन्हा सांगत राहिला की हा जंतूंचा प्रकार आहे, माणसाचा नाही. बायांनी माना डोलावल्या आणि घरी गेल्या. जंतू त्यांना पटले. फक्त ते कौशल्याबाईच्या हातात राहतात असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून पोरं डबे घेऊन येऊ लागली. खिचडीच्या वेळी घरचा डबा उघडून बसायची. कौशल्याबाई रोजच्यासारखी खिचडी शिजवायची, पातेल्यावर झाकण ठेवायची आणि दाराशी बसायची. कुणी उठून आलं नाही. शेवटी आम्ही दोघी खायचो, मी वर्गात आणि ती ओट्यावर. ती मला जवळ बसू देत नव्हती.

महादेवरावांनी मला फाटकापाशी गाठलं. “म्याडम, बाई बदलून टाकू. गावाचं मन नाई राह्यलं.”

“गावाचं मन की तुमच्या सुनेचं?”

“काहीही समजा. लेकरं उपाशी ठेवाची काय तिच्यासाठी?”

मी म्हटलं, डोळे बरे होऊ द्या सगळ्यांचे, पोळा होऊ द्या, मग समितीत विषय घ्या. तुम्ही त्याआधी काढलंत तर मी वर तक्रार करीन. “पोळ्यापर्यंत,” ते म्हणाले आणि निघून गेले. कौशल्याबाईला मी हे सांगितलं नाही, पण गावात कुठली गोष्ट झाकून राहते? तिला संध्याकाळच्या आत कळलं. ती मला एवढंच म्हणाली, “काम गेलं तं मजुरीले जाता येते, म्याडम. पन लेकरं कुठं पाहाले जाऊ?”

मग माझेच डोळे आले. अमरावतीच्या खोलीत मी पडून राहिले, खिडकीला चादर लावून. घरमालकीण बाई भली, पण ताट दाराबाहेर ठेवून टकटक करून निघून जायची. अकोल्याला जाऊ म्हटलं तर बाबा ऐंशीच्या घरातले, त्यांना कशाला द्यायचं हे. त्या दिवसांत मला माणसाचा हात लागला नाही. डोळे दुखत होते म्हणून मी रडले असं मी फोनवर बाबांना सांगितलं. खरं तर मला कुणीतरी कपाळावर हात ठेवायला हवं होतं. आणि तेव्हा, त्या अंधारात, माझ्या डोक्यात सारखी कौशल्याबाई येत होती. मला हे थोडेच दिवस होतं. तिचं जन्मभर असंच गेलं होतं. मधली शाळेची काही वर्षं वगळली तर.

परत गेले तर शाळेचं रूप पालटलेलं. नळाच्या तोट्यांवर साबणाच्या वड्या जाळीच्या पिशव्यांत बांधून टांगलेल्या. प्रत्येक पोराच्या दप्तराला स्वतःचा रुमाल टाचलेला. कौशल्याबाई नळापासून दूर, चिंचेखाली उभी राहून ओरडत होती, “बोटाच्या मधात घास! नखं घास! ए, तोंडाले हात लावू नको!” डॉक्टर जे जे बोलला होता ते तिने अक्षर न् अक्षर पाळलं होतं, आणि वर स्वतःची एक शिक्षा लावून घेतली होती. पोरांना ती आता हात लावत नव्हती. साथ ओसरली, एकेक करून सगळी पोरं परत आली, डोळे पांढरेशुभ्र. तरी नाही.

एक दिवस तिसरीतली आकांक्षा पळता पळता पडली, गुडघा फुटला, आणि भोकाड पसरून ओट्याच्या दिशेने हात करून रडू लागली. कौशल्याबाई हातातला झारा टाकून धावली. पोरीपर्यंत पोचली आणि थबकली. हात पुढे आलेले तसेच होते. मग तिने ते पोटाशी ओढून घेतले आणि हाका मारू लागली, “म्याडम! ओ म्याडम! लवकर या!”

मी येऊन पोरीला उचललं आणि कौशल्याबाईवरच ओरडले. “अहो, गुडघा फुटलाय तिचा! गुडघ्याला डोळे येतात का?”

“नाई जी,” ती म्हणाली. “मंग तिची माय म्हनन, बुढीनं उचललं म्हनून पिकलं.”

मी पोरीला घेऊन वर्गात गेले.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्याकडे या दिवशी पोरं लाकडाचे बैल सजवून घरोघर नेतात, घरची बाई बैलाला ओवाळते आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे खाऊ नाहीतर चिल्लर. शाळेला सुट्टी होती, तरी मी गेले. कौशल्याबाई शाळेत आल्यापासून दर वर्षी पोरांची फेरी तिच्या दारापासून सुरू व्हायची, आणि या वर्षी काय होतंय ते मला पाहायचं होतं. समितीची बैठक दोन दिवसांवर आली होती. पोरंच तिच्या दाराशी आली नाहीत तर बैठकीत मला बोलायला तोंड नव्हतं.

तिचं घर गावाच्या टोकाला, दोन खणांचं. अंगण सारवलेलं. दारात पाट मांडून त्यावर तिने शंकरपाळ्यांच्या पुड्या ठेवल्या होत्या, प्रत्येक पुडी कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. पाट अगदी अंगणाच्या कडेला, रस्त्याजवळ. मी विचारलं, इतक्या लांब कशाला? ती म्हणाली, “त्याहिले आंगनात याचं काम नाई. उचलाची न् जाची.” बैलांसाठी आरतीचं ताट तिने केलं होतं, पण तेही पाटाशेजारीच ठेवलं होतं. मी तिच्याजवळ उंबऱ्यावर बसले. तिने सरकून जागा केली, गरजेपेक्षा जास्त.

डफडं वाजत आलं. पोरं नवे कपडे घालून, बैलांना दोऱ्या लावून ओढत होती. सोबत आया होत्या. फेरी आमच्या समोर आली तेव्हा काही पोरांनी मान वळवून पाहिलं, एकाने हात हलवला, त्याच्या आईने त्याला पुढे लोटलं. फेरी वळणावरून पलीकडे गेली. पुड्या पाटावर तशाच. कौशल्याबाई म्हणाली, “कागद घट्ट बांधला मी. मुंग्या नाई लागत.” आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने पुसलं नाही. डोळ्याला हात लावायचा नाही, हे तिने पोरांना शिकवलं होतं.

आणि मग वळणावरून प्रणाली परत आली. एकटी. लाल चाकांचा बैल खडखड ओढत, नेहमीसारखी सगळे गेल्यावर शेवटी. पाट ओलांडून ती सरळ अंगणात आली.

“आजी, काजय लाव.”

कौशल्याबाईने दोन्ही हात पाठीमागे घेतले. “नाई बाई. डोये येतात त्यानं.”

“मले नाई.” तिने बैल उचलून समोर धरला. “याले. याचे डोये लाकडाचे हायेत. याले काही होत नाई.”

कौशल्याबाईने माझ्याकडे पाहिलं. ती उठली, मोरीत जाऊन साबणाने हात धुऊन आली, फडताळातून डबी काढली. कित्येक दिवसांत उघडली नव्हती, झाकण घट्ट बसलं होतं. उंबऱ्यावर बसून तिने बैल मांडीवर घेतला, डाव्या हाताने त्याची हनुवटी धरली आणि उजव्या करंगळीने रंगवलेल्या डोळ्याच्या कडेने बोट फिरवलं. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, “उघड. मले पाहू दे.” प्रणाली खळखळून हसली.

तेवढ्यात रस्त्यावर महादेवराव नातीला शोधत आले. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि बैलाचे दोन्ही डोळे होईपर्यंत तसेच उभे राहिले.

मग प्रणालीने बैल काखेत घेतला, एका हाताने कानावरचे केस मागे सारले आणि मान वाकवून उभी राहिली. ती शेवटची होती. कानामागचं काजळ तिचं होतं.

करंगळी पुढे गेली. मी म्हटलं, “कानामागे लावायला काही हरकत नाही हो. डॉक्टरसुद्धा नाही म्हणणार नाही.” करंगळी पोरीच्या कानापासून बोटभर अंतरावर थांबली. कौशल्याबाईने रस्त्याकडे, महादेवरावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

“चाल, प्रणाले,” ते म्हणाले. मग घसा साफ करून, पाटाकडे बघत, “उद्या शाळा हाये, कौशल्याबाई. हिचा डबा नाई देत आमी. खिचडी जराशीक जास्त टाकजा.” त्यांनी पाटावरची एक पुडी उचलली, नातीच्या हातात दिली आणि तिचा हात धरून निघाले. प्रणाली वळून वळून पाहत होती, केस अजून कानामागे धरलेले.

तिचं काम टिकलं होतं. मी उठून तिला मिठी मारणार होते, इतका मला आनंद झाला होता. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती आपल्या करंगळीकडे पाहत होती. बोटाला काजळ उरलं होतं आणि दारात पोर नव्हतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग डोक्यावरचा पदर मागे सारला आणि ते बोट आपल्याच पांढऱ्या केसांना पुसलं.